पारखणाऱ्यांचे लंडन

चीनकडे जाणारी वायव्येची समुद्रवाट शोधायला गेलेला मार्टिन फ्रोबिशर १५७६ च्या ऑक्टोबरात लंडनला परतला, तेव्हा वाट सापडलेली नव्हती. सापडला होता एक काळा दगड, अर्ध्या पेनीला मिळणाऱ्या पावाएवढा. मोहिमेत सर्वांत जास्त पैसा गुंतवणारा व्यापारी मायकेल लॉक याच्या म्हणण्यानुसार, नव्या भूमीवर जी पहिली वस्तू हाताला लागेल ती तुला देईन, असे वचन फ्रोबिशरने त्याला निघताना दिले होते आणि त्याप्रमाणे तो दगड त्याच्या हाती आला. त्याच मोहिमांचा दुसरा इतिहासकार जॉर्ज बेस्ट मात्र वेगळीच गोष्ट सांगतो. कुणा भागीदाराच्या बायकोने दगडाचा तुकडा सहज चुलीत टाकला, तापल्यावर तो व्हिनेगरमध्ये विझवला आणि त्यावर सोन्याची झाक दिसली. एका दगडाच्या दोन कथा पहिल्या काही वर्षांतच तयार झाल्या होत्या, यावरूनच पुढच्या प्रकरणाचा अंदाज यायला हरकत नाही.

लॉकने दगडाचे तुकडे करून शहरातल्या जाणकारांकडे पाठवले. पहिला तुकडा टॉवर ऑफ लंडनमधल्या टांकसाळीचा पारखी विल्यम विल्यम्स याच्याकडे गेला. हे माक्षिक, म्हणजे सोन्यासारखे चकाकणारे लोह-गंधकाचे खनिज आहे, असे त्याने कळवले. व्हीलर आणि नीडहॅम या आणखी दोघांनाही सोने सापडले नाही. एवढ्यावर एखाद्याने नाद सोडला असता. परंतु लॉकने चौथा तुकडा लंडनमध्ये राहणाऱ्या जोव्हानी बात्तिस्ता आन्येल्लो या व्हेनिसच्या किमयागाराकडे नेला. या आन्येल्लोने दहा वर्षांपूर्वी, १५६६ साली, लंडनमध्येच किमयेवरचे एक इटालियन पुस्तक छापले होते. त्याने तीन दिवसांनी सोन्याची चिमूटभर पूड काढून दाखवली. टांकसाळीच्या पारख्याला जे दिसले नाही ते तुम्हाला कसे दिसले, असे लॉकने विचारल्यावर तो म्हणाला की निसर्गाची खुशामत करता आली पाहिजे.

या उत्तराला आज आपण हसतो. मला मात्र पहिल्यांदा वाचले तेव्हा हसू आले नाही, कारण माझी नोकरीची बहुतेक वर्षे एका रासायनिक कारखान्याच्या तपासणी-प्रयोगशाळेत गेली आहेत, आणि एकाच नमुन्याचे दोन प्रयोगशाळांनी दिलेले दोन वेगळे निकाल टेबलावर ठेवून समोरासमोर बसलेल्या माणसांचे चेहरे मी पुष्कळ पाहिले आहेत. ‘तुमची पद्धत चुकली’ याचेच आन्येल्लोचे उत्तर हे अलंकारिक रूप आहे. तो लबाड असेल, भाबडा असेल, पण त्याने जो मुद्दा मांडला तो त्या काळी खोडून काढणे सोपे नव्हते. एखादी भट्टी काही दाखवत नाही, म्हणून दगडात काही नाही, हे ठामपणे म्हणायला आधी भट्टीवर भरवसा बसावा लागतो.

ती भट्टी कशी होती ते थोडे सविस्तर सांगायला हवे. धातूचा कस काढायची रीत सोळाव्या शतकातल्या युरोपात सर्वत्र जवळजवळ एकच होती. दगडाची पूड करायची, ती शिशाबरोबर मुशीत वितळवायची; सोने-चांदी असेल तर ती शिशात उतरते आणि बाकीची मळी वर तरंगते. मग ते शिसे हाडांच्या राखेपासून केलेल्या छोट्या वाटीत घेऊन पुन्हा तापवायचे. हवेच्या झोताने शिशाचे भस्म होते, हाडांची राख ते भस्म पिऊन टाकते, आणि वाटीच्या तळाशी उरतो तो फक्त सोन्या-चांदीचा मणी. शिशाचा शेवटचा पापुद्रा सरतो त्या क्षणी मणी एकदम लखकन उजळतो, आणि अनुभवी पारखी त्या उजाळ्याचीच वाट पाहत असतो. आपल्याकडे सराफकट्ट्यावरची धूळमाती धुऊन त्यातून सोन्याचे कण काढणारे झारेकरी ज्या चिकाटीने बसतात, तीच चिकाटी इथे लागते. यात एकच मोठी खोच आहे. शिशामध्ये स्वतःची थोडीफार चांदी बहुधा असतेच. म्हणून नुसते शिसे वेगळ्या वाटीत जाळून त्याचा मणी आधी तोलावा लागतो आणि मग तो मुख्य निकालातून वजा करावा लागतो. आमच्या प्रयोगशाळेत याला ‘ब्लँक’ म्हणत. नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात शिकवायची ही गोष्ट. आणि घाईच्या दिवशी सगळ्यांत आधी वगळली जाणारीही हीच.

फ्रोबिशरच्या दगडाबाबत घाई होतीच. राणी एलिझाबेथने आपले ‘एड’ हे जहाज दिले आणि १५७७ साली तीन जहाजांनी सुमारे २०० टन काळा दगड इंग्लंडला आणला. तो ब्रिस्टलच्या किल्ल्यात आणि टॉवरमध्ये कुलपांच्या बंदोबस्तात ठेवण्यात आला. आता पारखणाऱ्यांमध्ये दोन तट पडले. सॅक्सनीहून आलेला योनास शुत्झ एका बाजूला, आणि कॉर्नवॉलच्या खाणींत काम केलेला, वैद्यकीही करणारा बुर्खार्ट क्रानिख दुसऱ्या बाजूला. क्रानिखचा निकाल शुत्झपेक्षा किती तरी भरघोस आला. त्यावर आरोप झाला की त्याने वितळवताना जी पूरक द्रव्ये मिसळली, मौल्यवान धातू त्यांच्यातच होता. म्हणजे वाद शेवटी येऊन ठेपला तो ‘ब्लँक’पाशीच. तो वाद मिटण्याआधीच १५७८ साली तब्बल १५ जहाजे निघाली, ११०० टनांहून अधिक दगड आला आणि लंडनजवळ डार्टफर्डला त्यासाठी मोठ्या भट्ट्या उभारल्या गेल्या. भट्ट्यांमधून काहीही निघाले नाही. लॉक कर्जापायी फ्लीट तुरुंगात गेला. पाच वर्षांनी, १५८३ साली, विल्यम विल्यम्सने त्या ढिगातला माल पुन्हा एकदा तपासला आणि निघालेले चांदीचे दोन अतिसूक्ष्म कण लाखेने कागदाला चिकटवून निकालासोबत धाडले. उरलेला दगड डार्टफर्डच्या लोकांनी बांधकामाला वापरला. तिथल्या राजवाड्याच्या जुन्या भिंतीत तो अजूनही दिसतो.

या प्रकरणाकडे लोभाची बोधकथा म्हणून पाहण्याचा मोह होतो, आणि ते खोटेही नाही. तरीही मला त्यातली दुसरी बाजू जास्त विचार करण्याजोगी वाटते. पहिल्या तीन तज्ज्ञांनी अचूक निकाल दिला होता. ज्ञान शहरात हजर होते, साधने होती, अनुभव होता. नव्हती ती एकच गोष्ट. चार जाणकारांनी चार गोष्टी सांगितल्या तर त्यांतली कोणती खरी धरायची, हे ठरवणारी सर्वमान्य रीत अजून घडलेली नव्हती. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत लंडनमध्ये जे काही झाले, ते माझ्या मते ही रीत घडवण्याचे काम होते, आणि ते विद्यापीठांत झाले नाही. ते गल्ल्यांत, दुकानांत, बंदरावर, इतकेच काय, तुरुंगातही झाले.

ते शहर केवढे होते, तर १६०० च्या सुमारास लंडनची वस्ती अंदाजे २ लाख. त्यात फ्लँडर्स, फ्रान्स, जर्मनी, इटलीतून धर्मछळामुळे किंवा धंद्यासाठी आलेल्या परदेशीयांचा भरणा मोठा. काच ओतणारे, धातू गाळणारे, अर्क काढणारे, घड्याळे करणारे हे लोक आपापले हुन्नर घेऊन आले. किमया करणाऱ्यांनाही हीच वस्ती सोयीची होती, कारण किमयागाराला मूस लागते, काचेची पात्रे लागतात, कोळसा लागतो, आणि या वस्तू पुरवणारा माणूस हाकेच्या अंतरावर लागतो. किमया म्हणजे तळघरात एकट्याने चालवलेली गूढ साधना, हे चित्र बरेचसे नंतरचे आहे. खरा किमयागार सदैव कुणाच्या तरी दुकानात उभा असे.

कोर्नेलियस द लानोय याचीच गोष्ट पाहा. हा गृहस्थ १५६५ साली सॉमरसेट हाउसमध्ये सरकारी खर्चाने राहायला आला. वर्षाला ३३ हजार पौंडांचे सोने करून देईन, असे त्याने राणीला कबूल केले होते. किमयेने सोने वाढवण्यास बंदी घालणारा १४०४ च्या सुमाराचा, चौथ्या हेन्रीच्या काळातला कायदा अजून लागू होता. पण राणीच्या परवानगीने काम चालले असेल तर प्रश्न नव्हता. महिने गेले, सोने आले नाही. लानोयची तक्रार अशी की इंग्लंडमधल्या मुशी तापल्या की तडकतात आणि इथली काचपात्रे टिकत नाहीत. शेवटी त्याची रवानगी टॉवरच्या कोठडीत झाली. तो ठग होता असे मानायला बरीच जागा आहे. परंतु मुशीबद्दलची त्याची तक्रार सपशेल खोटी नव्हती! जर्मनीतल्या हेस प्रांतात बनणाऱ्या मुशींची त्या काळी युरोपभर ख्याती होती. अगदी अलीकडे त्यांचे नमुने तपासल्यावर कळले की तिथले कुंभार चिनीमातीच्या जातीची विशिष्ट माती फार उच्च तापमानाला भाजत, त्यामुळे तिच्यात म्युलाइट नावाचे स्फटिक तयार होत आणि मूस सहसा तडकत नसे. अमेरिकेतल्या जेम्सटाउन वसाहतीच्या उत्खननातही या मुशी सापडल्या आहेत. सोने बनवण्याचे स्वप्न खोटे ठरले, तरी त्या स्वप्नापायी चांगल्या मुशीची, स्वच्छ काचेची आणि ताब्यात राहणाऱ्या आचेची जी मागणी तयार झाली, ती टिकली. स्वप्न पाहणारा आणि धातू तपासणारा एकाच कुंभाराचे गिऱ्हाईक होते.

सोने सोडून आता झाडांकडे वळू, कारण साक्षीचा प्रश्न तिथे आणखी स्पष्ट दिसतो. आज लॉइड्स विमाबाजाराची पोलादी नळ्यांनी वेढलेली इमारत जिथे आहे, त्या लाइम स्ट्रीटवर सोळाव्या शतकाच्या अखेरीस निसर्गाच्या अभ्यासकांचा एक कट्टाच होता. जेम्स गॅरेट नावाचा फ्लेमिश वंशाचा औषधविक्रेता तिथे राहत होता आणि ट्युलिपचे बी पेरून त्यातून निघणारे रंगभेद तो वीस वर्षे निरखत होता. शेजारी रेशमाचा व्यापारी जेम्स कोल. नकाशाकार अब्राहम ऑर्टेलियस हा त्याचा मामा. वनस्पतिशास्त्रज्ञ मातियास द लोबेल याच वर्तुळातला, पुढे कोलचा सासरा. ही मंडळी युरोपभर पत्रे लिहीत, बिया, कंद, फळे, शिंपले एकमेकांना पाठवत. पुस्तके छापण्याची त्यांना फारशी घाई नसे. बहुधा म्हणूनच आज त्यांची नावे कमी लोकांना ठाऊक आहेत.

पुस्तक छापले ते जॉन जेरार्डने. हा हॉलबर्नला राहणारा न्हावी-शल्यवैद्य. त्याच्या बागेतल्या हजारांवर वनस्पतींची यादी १५९६ साली छापून आली होती, आणि लगेच पुढच्या वर्षी त्याचा जाडजूड वनस्पतिकोश निघायचा होता. छपाई चालू असताना गॅरेटने प्रकाशक जॉन नॉर्टनला सावध केले, की यात चित्र एकाचे आणि वर्णन दुसऱ्याचे असा गोंधळ आहे. नॉर्टनने दुरुस्तीसाठी लोबेलला बसवले. लोबेलच्या सांगण्यानुसार त्याने हजाराच्या वर चुका दुरुस्त केल्या. मग जेरार्डच भडकला, आणि लोबेल इंग्रजी विसरला आहे असे म्हणून त्याने ते काम बंद पाडले. कोश १५९७ साली तसाच निघाला आणि तुफान चालला. त्याच्या अखेरीस एका झाडाचे वर्णन आहे, ज्याच्या शिंपल्यांतून बदके जन्माला येतात. आपण हे डोळ्यांनी पाहिले आणि हातांनी हाताळले आहे, असेही जेरार्डने तिथे लिहिले आहे.

मला या वाक्याने बराच काळ विचारात पाडले. सडक्या लाकडाला चिकटलेले शिंपले त्याने खरोखरच पाहिले असणार. त्यातून बदक निघते हे त्याने ऐकलेले होते, आणि पाहिलेल्याच्या आधाराने ऐकलेलेही आत शिरले. स्वतः पाहिले एवढ्याने साक्ष पुरी होत नाही. जेरार्डने नेमके काय पाहिले, ते कुणी विचारले असते तर बदक उडून गेले असते; आणि तसे विचारणारी माणसे त्याच शहरात, दोनेक मैलांवर, लाइम स्ट्रीटवर राहत होती.

या लाइम स्ट्रीटचा एक धागा थेट आपल्या किनाऱ्याला येऊन पोचतो. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात त्याची ये-जा होती, आणि मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते. तिथल्या आपल्या आंब्याच्या झाडाचे त्याने कौतुकही केले आहे. हिंदुस्थानातल्या औषधी द्रव्यांवरचे त्याचे संवादरूप पुस्तक १५६३ साली गोव्यात छापले गेले. मी स्पेनमध्ये असतो तर प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेनच्या विरुद्ध बोलायची माझी हिंमत झाली नसती, अशा अर्थाचे त्यात एक वाक्य आहे. शार्ल द लेक्लूझ ऊर्फ क्लूसियस याने त्याचा संक्षेप लॅटिनमध्ये करून १५६७ साली अँटवर्पला छापला, आणि हा क्लूसियस म्हणजे लाइम स्ट्रीटवाल्यांचा जिवलग पत्रमित्र. तो लंडनला एकाहून अधिक वेळा येऊन गेला होता. कोकणपट्टीवरच्या वैद्यांकडून, बाजारातल्या लोकांकडून ऑर्ताने ऐकलेले आणि पडताळलेले असे दोन हातांतून लंडनच्या औषधविक्रेत्यांच्या गल्लीत जाऊन पोचले. ऑर्ता ज्यू कुळातला होता. तो १५६८ मध्ये वारला आणि १५८० साली गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे कॅथलिक धर्मन्यायालयाने, त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. लाइम स्ट्रीटवरचे बरेच जण अशाच धर्मछळातून पळून आलेले होते, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

साक्ष कशी द्यावी याचा उत्तम नमुना मात्र मला बंदरावर सापडतो. रॅटक्लिफला होकायंत्रे बनवणारा रॉबर्ट नॉर्मन हा जुना दर्यावर्दी. सुई टाचणीवर अगदी समतोल बसवायची आणि मग तिला चुंबक चोळायचा, ही त्याची नेहमीची पद्धत. दर वेळी असे होई की चोळल्यानंतर सुईचे उत्तरेकडचे टोक खाली झुके, आणि तो दुसऱ्या बाजूला मेणाचा कण लावून तोल सांभाळे. एकदा एका लांब सुईवर त्याने बरीच मेहनत घेतली होती. झुकाव काढण्यासाठी टोक थोडे थोडे कापता कापता सुई इतकी आखूड झाली की वायाच गेली. चिडलेल्या नॉर्मनने मग हे झुकणे टाळण्याऐवजी मोजायचे ठरवले. उभ्या वर्तुळात फिरणारी सुई तयार करून त्याने लंडनमधला झुकाव ७१ अंश ५० कला असल्याचे नोंदवले आणि १५८१ साली ते छापले. पुढे तो असाही प्रयोग करतो, की चुंबक लावण्याआधी आणि नंतर लोखंड तराजूत तोलायचे. वजनात फरक पडत नाही, म्हणजे उत्तरेचे टोक जड झालेले नाही. वाचणाऱ्याने हे घरी करून पाहावे, इतक्या तपशिलाने त्याने ते सांगितले आहे. वैद्य विल्यम गिल्बर्टने १६०० साली चुंबकावरचा आपला प्रसिद्ध लॅटिन ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यात नॉर्मनचे नाव सन्मानाने घेतले. असा सन्मान कारागिरांच्या वाट्याला क्वचित येई.

आणि तुरुंगाचे म्हणाल तर, क्लेमेंट ड्रेपर नावाचा व्यापारी खाणींच्या व्यवहारातल्या देण्यापायी साउथवर्कच्या किंग्ज बेंच तुरुंगात दहा वर्षांहून जास्त अडकून पडला होता. कर्जबाजाऱ्यांच्या तुरुंगात बाहेरच्यांना येण्या-जाण्याची बरीच मोकळीक असे. ड्रेपरने तिथे वह्यांमागून वह्या भरल्या. धातू कसा शुद्ध करावा, रंग कसा पक्का करावा, अमुक दुखण्यावर काय घ्यावे, परिसाबद्दल कोण काय म्हणतो, सगळे एकत्र. विशेष म्हणजे कोणती कृती कुणाकडून मिळाली ते तो लिहून ठेवतो. त्याच सुमारास तुरुंगाबाहेर ह्यू प्लॅट नावाचा, बीअर बनवणाऱ्या श्रीमंत बापाचा मुलगा हेच करत शहरभर फिरत होता. कागदोपत्री तो वकिलीचा माणूस. पण त्याचा खरा जीव माळी, खानसामे, सुतार, सोनार यांच्या युक्त्यांमध्ये. त्याने १५९४ साली कला आणि निसर्गाच्या युक्त्यांचे पुस्तक छापले. लाकूड महागले तेव्हा दगडी कोळशाच्या भुकटीत माती कालवून गोळे करायची कृती १६०३ मध्ये प्रसिद्ध केली. लांबच्या प्रवासात खलाशांना टिकेल असा मॅकरोनीसारखा पदार्थ ड्रेकच्या जहाजाला पुरवला. प्लॅटच्या हस्तलिखितांतही युक्ती सांगणाऱ्याचे नाव असते. कोणी सांगितले, किती खात्रीने सांगितले, मी करून पाहिले का. माझ्या तपासणीच्या रजिस्टरातले रकाने थोड्याफार फरकाने हेच होते. फक्त आम्हाला ते छापील मिळत.

वैद्यांच्या भांडणात मी फार शिरत नाही, कारण तिथे ज्ञानापेक्षा हक्काचाच प्रश्न मोठा होता. १५१८ साली स्थापन झालेले वैद्यांचे कॉलेज परवान्याशिवाय औषध देणाऱ्यांवर खटले भरत असे. पिण्याजोगे सोने विकणाऱ्या फ्रान्सिस अँथनीला त्यांनी तुरुंगात धाडले. त्याचा धंदा तरीही जोरात चालला. सुवर्णभस्माच्या जाहिराती वाचत वाढलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. गंमत अशी की त्याच कॉलेजने १६१८ साली लंडनची पहिली अधिकृत औषधसंहिता काढली तेव्हा पाऱ्यापासून केलेली किमयागारी औषधे तीत सन्मानाने विराजमान झाली होती.

एव्हाना तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनने या सगळ्यावर आपला आराखडा मांडला होता. निसर्गाची चौकशी करणारे एक भव्य, शिस्तबद्ध घर, त्यात प्रत्येकाला नेमून दिलेले काम. त्याची ती काल्पनिक संस्था त्याच्या मृत्यूनंतर, १६२० च्या दशकाच्या अखेरीस वाचकांपुढे आली आणि पुढे विज्ञानाचे जन्मपत्र म्हणून गाजली. मला बेकनबद्दल आदर आहे, पण त्याच्या घराच्या खिडकीतून गॅरेट, नॉर्मन, ड्रेपर दिसत नाहीत, ही माझी तक्रार आहे. किमयागार आणि कारागीर योगायोगाने काही गवसले तर गवसले असे काम करतात, असा त्याचा सूर. नॉर्मनचा तराजू योगायोगाने हाती आला नव्हता.

टॉमस ग्रेशॅमच्या मृत्युपत्रातून १५९७ साली उभे राहिलेले ग्रेशॅम कॉलेज नाविकांना आणि व्यापाऱ्यांना उपयोगी गणित, खगोल शिकवत होते. त्याच वास्तूत २८ नोव्हेंबर १६६० रोजी रॉयल सोसायटीचा पाया घातला गेला. कुणाच्याही शब्दावर विसंबायचे नाही, हे तिने ब्रीद म्हणून घेतले. प्रत्यक्षात साक्षीदार म्हणून सद्गृहस्थांचा शब्द मोलाचा ठरे आणि भट्टी फुंकणाऱ्या नोकराचे नाव कागदावर येत नसे. तरीही प्रयोग सर्वांसमोर करायचा, फसला तर तेही लिहायचे, हा दंडक पडला. आणि तो पाळणाऱ्यांत किमयागार होते, हे विसरून चालणार नाही. रॉबर्ट बॉइलला भट्टीवरचे हातकाम शिकवले ते जॉर्ज स्टार्की याने. हार्वर्डमधून पदवी घेऊन १६५० साली लंडनला आलेला हा तरुण दोन आयुष्ये जगला. एक स्टार्की, जो प्रयोगवह्यांत अपयशासकट सगळे तारीखवार लिहीत होता. आणि दुसरा ‘आयरेनियस फिलालेथीस’, परीस सापडलेला एक अज्ञात सिद्ध, ज्याच्या नावाने स्टार्कीच गूढ ग्रंथ लिहीत होता. एकाच माणसाने सर्वांत काटेकोर नोंदी ठेवाव्यात आणि सर्वांत धूसर ग्रंथही लिहावेत, हे कोडे मला सुटलेले नाही. कर्जापायी तोही तुरुंगात जाऊन आला. १६६५ च्या प्लेगमध्ये तो रुग्णांना औषधे देत राहिला आणि त्यातच गेला.

फिलालेथीसचे ग्रंथ झिजेपर्यंत वाचणाऱ्यांत आयझॅक न्यूटन होता. किमयेवर त्याने सुमारे १० लाख शब्द लिहून ठेवले आणि त्यांतले जवळजवळ काहीच छापले नाही. चौथ्या हेन्रीचा तो जुना कायदा १६८९ साली रद्द झाला, त्यामागे बॉइलचा प्रयत्न होता. म्हणजे बॉइलसारख्या माणसाला धातू पालटण्याची गोष्ट तेव्हाही कायद्यात अडथळा नको इतकी शक्य वाटत होती. आणि १६९६ साली न्यूटन टांकसाळीचा अधिकारी म्हणून आला, त्याच टॉवरमध्ये, जिथे लानोय कोठडीत बसला होता आणि विल्यम्सने फ्रोबिशरचा दगड तपासला होता.

टांकसाळीची पारख शहर एका जुन्या रिवाजाने करत असे. पाडलेल्या नाण्यांतली काही वेगळ्या पेटीत टाकून ठेवायची, ठरावीक काळाने सोनारांच्या संघाच्या पंचांनी ती भट्टीत घालून ठरलेल्या कसाच्या नमुन्याच्या पत्र्याशी ताडून पाहायची. या पंचांनी १७१० साली निकाल दिला की न्यूटनच्या सोन्याच्या नाण्यांचा कस किंचित कमी भरतो. न्यूटनने तो मान्य केला नाही. ताडून पाहायला वापरलेला पत्रा १७०७ साली सोनारांनीच केलेला होता. न्यूटनने स्वतः पारख करून दाखवले की नाणी बरोबर आहेत, पत्राच कायद्याने ठरवलेल्या कसापेक्षा जास्त शुद्ध गाळला गेला आहे. ज्याच्याशी तुलना करायची त्याचीच आधी तुलना करा, एवढेच त्याचे म्हणणे होते. फ्रोबिशरच्या पारख्यांनी शिशाच्या बाबतीत हेच करायला हवे होते. यानंतर तो पत्रा बाजूला ठेवण्यात आला आणि टांकसाळ १६८८ च्या जुन्या पत्र्याकडे परतली.